‘देता येईल’ आणि ‘द्यावेच लागेल’
जायबंदी सैनिकांना सरकारी ठेके देणाऱ्या अमेरिकी कायद्याची कहाणी

लष्करातून परत आलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न आमच्या वाचकांना नवा नाही. महारांची भरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला, तो पेन्शनर सैनिकांच्या वतीने. बाबासाहेबांचे वडील सुभेदार. ज्या घरात पलटणीची पेटी आणि पदके आहेत, त्या घरांना हेही ठाऊक आहे की गणवेश उतरला की माणसाची किंमतही बरीच उतरते. हात-पाय शाबूत असले तर निदान कुठे तरी पहारेकऱ्याची नोकरी मिळते. जायबंदी होऊन आलेल्याने काय करायचे?

पेन्शन द्यावी, उपचार करावेत, एखादी नोकरी राखून ठेवावी, एवढ्यावर बहुतेक देश थांबतात. अमेरिकेने त्यापुढे एक पाऊल टाकले. लढाईत किंवा लष्करी सेवेत अपंगत्व आलेला माणूस स्वतःचा धंदा काढत असेल, तर सरकारने आपल्या खरेदीतला ठरावीक हिस्सा त्याच्याकडून घ्यावा, असा कायदा तिथे झाला. अमेरिकेचे केंद्र सरकार अलीकडच्या वर्षांत दरसाल ७० हजार कोटी डॉलरहून अधिक रकमेचे ठेके देते. झाडूपासून रणगाड्यापर्यंत सगळे त्यात आले. अशा गिऱ्हाइकाच्या खरेदीतले तीन टक्के किंवा पाच टक्के म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हे.

कुटुंबाच्या पानावर ठेके-निविदांचा रुक्ष विषय कशाला, असे काही भगिनींना वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. या कायद्यात विधवेचाही प्रश्न आहे आणि तो आम्हाला सर्वांत बोचला.

कायदा आला, पैसा आला नाही

पहिला कायदा १७ ऑगस्ट १९९९ रोजी झाला. त्याने सांगितले की, केंद्र सरकारच्या ठेक्यांच्या एकूण रकमेपैकी किमान ३ टक्के रक्कम सेवेत अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या लहान उद्योगांना मिळावी, हे सरकारचे उद्दिष्ट राहील. शब्द नीट पाहा, उद्दिष्ट. ते गाठण्यासाठी अधिकाऱ्याच्या हातात कोणतेही साधन दिले नव्हते. ठेका या उद्योगांसाठी राखून ठेवण्याचा अधिकारच नव्हता. परिणाम व्हायचा तोच झाला. चार वर्षे उद्दिष्ट कागदावर राहिले.

मग डिसेंबर २००३ मध्ये दुसरा कायदा आला. त्याने अधिकाऱ्यांना दोन गोष्टी करण्याची मुभा दिली. एखाद्या कामासाठी असे किमान दोन उद्योग निविदा भरतील आणि वाजवी दरात काम होईल अशी खात्री वाटली, तर ती निविदा फक्त त्यांच्यापुरती राखून ठेवता येईल. इतरांनी भरायचीच नाही. ठेकेदारीच्या बोलीत याला तिकडे ‘दोनाचा नियम’ म्हणतात. आणि असा एकच लायक उद्योग असेल, तर ठरावीक रकमेपर्यंत त्याला स्पर्धेविना थेट काम देता येईल. २००४ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आदेश काढून प्रत्येक खात्याला याची योजना आखायला सांगितले. त्यावेळी इराकचे युद्ध चालू होते, पाय गमावलेली पोरे रोज परत येत होती. त्या पोरांच्या डोळ्यांना डोळा देणे पुढाऱ्यांना जड गेले असणार.

तरीही २००५ साली हा वाटा एक टक्क्याच्या खालीच होता. तीन टक्क्यांची रेषा प्रथम ओलांडली गेली ती २०१२ साली. म्हणजे कायदा झाल्यापासून तेरा वर्षांनी. पुढे आकडा वाढत गेला. २०२३ च्या आर्थिक वर्षात तो ५ टक्क्यांच्या थोडा वर गेला आणि रक्कम ३ हजार कोटी डॉलरहून अधिक भरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने उद्दिष्टही ३ वरून ५ टक्के केले. गाठून झालेल्या जागी खुंटी ठोकली म्हणा.

या टक्क्यांतही एक गोम आहे. एकच ठेका अनेक रकान्यांत मोजता येतो. जायबंदी सैनिक स्त्री असेल आणि मागास गटात मोडत असेल, तर तिला दिलेला एकच डॉलर तिन्ही उद्दिष्टांच्या खाती चढतो. सरकारी आकडेवारीची ही हातचलाखी आपल्यालाही परिचयाची आहे.

अपंग कोणाला म्हणायचे?

आपल्याकडे जायबंदी सैनिक म्हटला की कुबड्या डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेतील हिशेब वेगळा आहे. तिथले माजी सैनिक खाते प्रत्येकाच्या सेवेतील दुखण्याला शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत, दहा-दहाच्या पायऱ्यांनी दर्जा देते. सर्वांत जास्त सैनिकांना मान्य झालेले दुखणे कोणते? कानात सतत गुणगुण होणे. तोफा, विमाने, स्फोट यांच्या आवाजाने ते जडते. त्याखेरीज गुडघे, पाठ, बहिरेपणा आणि युद्धाच्या धक्क्याने मनाला झालेली इजा, जी रात्री झोपू देत नाही. ठेक्यांच्या या योजनेसाठी टक्क्यांची किमान अट नाही. दुखणे सेवेमुळे झाले असे खात्याने मान्य केले, दर्जा शून्य टक्के असला, तरी माणूस पात्र ठरतो.

यावर तिकडे टीका होते. ज्याचा पाय गेला तो आणि ज्याच्या कानात गुणगुण होते तो, दोघे एकाच रांगेत कसे? प्रश्न रास्त आहे. पण आमच्या मते दुसरी बाजू जास्त वजनदार आहे. टक्क्यांवर पात्रता टांगली की प्रत्येक सवलत डॉक्टरच्या दाखल्यात अडकते, आणि दाखल्याचा बाजार कसा भरतो हे कोणी आपल्याला शिकवायला नको.

पात्रतेची खरी कसोटी पुढे आहे. उद्योगाची किमान ५१ टक्के मालकी सैनिकाची हवी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे उद्योगाचा कारभार त्याच्या हातात हवा. रोजचे निर्णय त्याने घ्यायचे, दूरच्या धोरणाचे निर्णयही त्यानेच. सह्या एकाच्या आणि हुकूम दुसऱ्याचा, हे चालणार नाही. शिवाय सेवेचा ठेका घेतला तर मिळालेल्या रकमेतील निम्म्याहून अधिक रक्कम बाहेरच्या पोटठेकेदाराला देता येत नाही. इमारत बांधकामात ही मर्यादा सैल आहे. तिथे ८५ टक्क्यांपर्यंत काम बाहेर देता येते, कारण गवंडी, सुतार, वीजवाले असे सगळे एका छोट्या ठेकेदाराकडे नसतात. नेमक्या याच सैल जागेतून चोर आत शिरले.

भाड्याने घेतलेला सैनिक

२००९ साली अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने दहा उद्योगांची प्रकरणे खणून काढली. त्या दहा जणांनी मिळून सुमारे १० कोटी डॉलरचे ठेके फसवणुकीने किंवा नियम वाकवून घेतले होते. काही ठिकाणी मालक जायबंदी सैनिकच नव्हता. काही ठिकाणी होता, पण नावापुरता. काम सगळे मोठ्या कंपनीकडे. हे शक्य झाले, कारण माजी सैनिक खाते सोडले तर इतर खात्यांत कोणी तपासतच नव्हते. ‘मी पात्र आहे’ असे उद्योगाने स्वतःच लिहून द्यायचे आणि सरकारने मान डोलवायची.

या प्रकाराला तिकडे ‘सैनिक भाड्याने घेणे’ असे नाव पडले. सर्वांत मोठ्या प्रकरणांपैकी एक कॅन्सस सिटीचे. २००९ ते २०१८ या काळात तिथल्या काही बांधकामवाल्यांनी नामधारी मालक पुढे करून ३४ कोटी डॉलरहून अधिक रकमेचे ठेके उचलले. त्यांपैकी एका कंपनीचा कागदावरचा मालक जायबंदी सैनिक होता आणि कृष्णवर्णीयही होता. म्हणजे सैनिकांसाठीची सवलत आणि अल्पसंख्याकांसाठीची सवलत, दोन्ही एका माणसाच्या नावावर दुसऱ्यांनी लाटल्या. पुढे खटला झाला, शिक्षा झाल्या. ज्याचे नाव वापरले त्यालाही गुन्हा कबूल करावा लागला.

हे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर कॅन्सस नव्हते. आपल्या जिल्ह्यातली मजूर संस्था, राखीव सरपंच, आपल्या माणसाच्या नावावर चालणारे रेशन दुकान, हे सगळे होते. शिवारातली गोष्ट आणि कॅन्सस सिटीची गोष्ट एकच आहे. फरक इतकाच की तिथे नऊ वर्षांनी का होईना, कोणीतरी बँकेची खाती उघडून पाहिली.

उपाय यायला वेळ लागला. १ जानेवारी २०२३ पासून सर्व खात्यांसाठी एकच पडताळणी सुरू झाली. ती लघुउद्योग प्रशासनाकडे सोपवली गेली. स्वतःच लिहून देण्याची सोय बंद होत गेली. याचा त्रास प्रामाणिक माणसालाही होतो. दुखणी सांभाळत एकट्याने धंदा करणाऱ्या सैनिकाला कागदांची चळत जमवावी लागते. पण मोकळे रान सोडण्यापेक्षा तो त्रास बरा, असे बहुतेक माजी सैनिक संघटना मानतात.

एका क्रियापदाचा खटला

या सगळ्या कहाणीत आम्हाला सर्वांत उद्बोधक वाटला तो ‘किंग्डमवेअर’ खटला. आमच्या वकील वाचकांनी तो मुळातून वाचावा.

२००६ साली माजी सैनिक खात्यापुरता एक वेगळा, कडक कायदा झाला. इतर खात्यांना राखीव निविदा काढता ‘येतील’ अशी मुभा होती. या खात्याला मात्र सांगितले की, असे दोन उद्योग पुढे येण्याची वाजवी अपेक्षा असेल, तर ठेका त्यांच्यासाठी राखावाच ‘लागेल’. पहिला मान जायबंदी सैनिकांचा, त्यानंतर इतर माजी सैनिकांचा. ज्या खात्याचे अस्तित्वच सैनिकांसाठी, त्याने तरी टाळाटाळ करू नये, हा हेतू.

खात्याने टाळाटाळ केलीच. २०१२ साली चार रुग्णालयांना संकटकाळी सर्व कर्मचाऱ्यांना तातडीने सूचना पाठवण्याची व्यवस्था हवी होती. खात्याने ती आधीच मंजूर असलेल्या दरपत्रकातून एका बिगर-सैनिक कंपनीकडून घेतली. मेरिलंडमधील किंग्डमवेअर या जायबंदी सैनिकाच्या कंपनीने तक्रार केली. हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने तिच्या बाजूने मत दिले. खात्याने ते मानले नाही. दोन न्यायालयांत कंपनी हरली. सरकारचे म्हणणे दोन प्रकारचे होते. वर्षाचे उद्दिष्ट पुरे झाले की पुढे राखीव ठेवण्याची सक्ती उरत नाही, हे एक. आणि दरपत्रकातून केलेली मागणी म्हणजे ‘ठेका’च नव्हे, हे दुसरे.

१६ जून २०१६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य अशा मताने दोन्ही मुद्दे फेटाळले. कायद्याने ‘लागेल’ म्हटले आहे, तर लागेलच. उद्दिष्ट पूर्ण झाले म्हणून बंधन संपत नाही. आणि मागणीपत्र हाही ठेकाच. निकालपत्र लिहिले ते न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी. गंमत अशी की, वंशाच्या आधारे दिलेल्या सवलतींना कायम विरोध करणारे हे कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. भांडण ज्या कामावरून झाले ते काम तोवर केव्हाच संपून गेले होते. कंपनीला त्या कामाचा एक डॉलरही मिळायचा नव्हता. पुढच्यांचा रस्ता मात्र मोकळा झाला.

या निकालाने एक नवे भांडणही जन्माला घातले. अमेरिकेत अंध आणि गंभीर अपंग कामगारांच्या संस्थांकडून काही वस्तू सरकारने घ्याव्यात, अशी १९३८ पासूनची जुनी व्यवस्था आहे. माजी सैनिक खाते काही भागांत सैनिकांसाठीचे चष्मे या व्यवस्थेतून घेत असे. जायबंदी सैनिकाच्या एका कंपनीने दावा लावला की, आधी मान आमचा. २०१८ साली अपिलाच्या न्यायालयाने सैनिकाच्या बाजूने कौल दिला. म्हणजे समोरासमोर उभे कोण राहिले? एकीकडे लढाईत दुखापत झालेला माणूस, दुसरीकडे जन्माने किंवा आजाराने दृष्टी गेलेला कामगार. मोठ्या कंपन्या बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. अखेर २०२० च्या ऑगस्टात संसदेला मधला मार्ग काढावा लागला. २००६ चा कायदा झाला त्या दिवशी ज्या वस्तू अंध-अपंगांच्या यादीत होत्या, त्या त्यांच्याकडेच राहतील.

एक भाकर आणि दोन भुकेले, असे चित्र उभे करून भाकरीचे कोठार कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न मागे ढकलायचा, ही युक्ती आपण आरक्षणाच्या वर्गवारीच्या वादातही पाहतो. अमेरिकी सरकारच्या खरेदीतला तीन-चतुर्थांशाच्या आसपास हिस्सा मोठ्या कंपन्यांकडेच जातो, याची आठवण त्या भांडणात कोणी काढली नाही.

सवलत टिकते कशावर?

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावी. अमेरिकेत सामाजिकदृष्ट्या वंचितांच्या लहान उद्योगांसाठीही ठेक्यांची वेगळी योजना आहे. त्यात कृष्णवर्णीय, आदिवासी, लॅटिन वंशाचे वगैरे लोक वंचित आहेत असे गृहीत धरले जात असे. जुलै २०२३ मध्ये टेनेसीतील केंद्रीय न्यायालयाने ते गृहीतक चालणार नाही असा निकाल दिला. आता त्या समाजांतील अर्जदाराला आपण स्वतः कशी वंचना भोगली, याची हकिगत लिहून द्यावी लागते. कातडीच्या रंगाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले त्याचा पुरावा एकेकाने मांडायचा! सैनिकांच्या सवलतीला मात्र कोणी हात लावला नाही. ती संसदेत दोन्ही पक्षांच्या मतांनी वाढतच गेली.

सैनिकाला मिळते त्याचा आम्हाला हेवा नाही. त्याने शरीर दिले आहे. पण राष्ट्राला ‘सेवा’ दिसते आणि ‘शोषण’ दिसत नाही, हे काही अमेरिकेपुरते नाही.

विधवेची मुदत

आता तो बोचणारा मुद्दा. सैनिक कायमचा आणि पूर्ण अपंग असेल, तर त्याचा कारभार त्याच्या पत्नीने किंवा कायम शुश्रूषा करणाऱ्याने पाहिला तरी उद्योग पात्र राहतो. ही तरतूद चांगली आहे. अशा घरात धंदा कोण चालवते हे बायकांना विचारा. सैनिक वारला तर? त्याचे अपंगत्व शंभर टक्के असेल, किंवा मृत्यू सेवेतल्या दुखण्याने झाला असेल, तर पत्नीने मालकी घेतल्यावर दहा वर्षे सवलत चालू राहते. अन्यथा तीन वर्षे. आणि तिने पुनर्विवाह केला, तर त्याच दिवशी संपते.

नवऱ्याची जखम धुणारी, हिशेब लिहिणारी, मजुरांचे पगार वाटणारी तीच. पण दुसरे लग्न केले की तिचे श्रम कायद्याला दिसेनासे होतात. ज्या देशाला आपण पुढारलेला म्हणतो त्याच्या कायद्यात ही अट आजही आहे.

आपल्याकडे काय?

बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. सार्वजनिक बांधकामाचे काम त्यांच्याच खात्याखाली होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात नोकऱ्या आणि शिक्षण यांबरोबर सरकारी ठेक्यांतही अस्पृश्यांना वाटा हवा, हा मुद्दा होता. आपण त्यांची नोकऱ्यांची मागणी लक्षात ठेवली, ठेक्यांची विसरलो.

ती मागणी केंद्राच्या खरेदी धोरणात उतरायला सत्तर वर्षे लागली. १ एप्रिल २०१२ पासून केंद्रीय खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायच्या खरेदीत ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांचा ठरला. एकूण खरेदीच्या ४ टक्के. त्याच आदेशात पुढचे कलम आहे: असे उद्योग निविदेत आले नाहीत किंवा अटींत बसले नाहीत, तर हे ४ टक्के इतर लघुउद्योगांकडून भरून काढावेत. पहिली अनेक वर्षे हा वाटा ४ टक्क्यांच्या फार खाली राहिला, यात नवल ते काय? शिवाय आपल्या आदेशात ५१ टक्के मालकीची अट आहे, पण कारभार कोणाच्या हाती याची अमेरिकेसारखी कसून चौकशी नाही.

माजी सैनिकांसाठी आपल्याकडे वेगळी वाट आहे: पेट्रोल पंप, गॅस एजन्सी, सुरक्षारक्षक पुरवण्याचे काम अशा योजना पुनर्वसन महासंचालनालयामार्फत चालतात. पुण्याजवळ खडकीला तर जायबंदी सैनिकांना हातचे काम शिकवणारी, १९१७ साली स्थापन झालेली संस्था आहे. पण खरेदीच्या टक्केवारीत जायबंदी सैनिकाचा म्हणून वेगळा रकाना केंद्राच्या त्या धोरणात नाही.

ज्या घरात असा सैनिक आहे आणि छोटा कारखाना किंवा ठेकेदारी करण्याची हिंमत आहे, त्यांनी तीन कामे करावीत. अपंगत्व सेवेमुळे आल्याची नोंद सेवानिवृत्तीच्या कागदांत आहे का, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन पाहावे. नसेल तर आधी त्यामागे लागावे. उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी करावी, त्यात जातीचा रकाना रिकामा सोडू नये. लघुउद्योगाला निविदेची बयाणा रक्कम माफ असते आणि निविदेचे कागद मोफत मिळतात, हे माहीत नसल्याने कित्येक जण दारातूनच परततात. आपला दर सर्वांत कमी दरापेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी तो खाली आणून कामातला काही हिस्सा मागता येतो. खिडकीवरचा कारकून नाही म्हणाला, तर २०१२ च्या आदेशाची प्रत पुढे ठेवावी. आणि बिल ४५ दिवसांत मिळाले नाही, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे व्याज मागावे. त्यासाठीचा अर्ज घरातल्या शिकलेल्या मुलीलाही लिहिता येईल.